सुपरमार्केटमधली भाजी किती ताजी, किती सुरक्षित? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नऊ वर्षं भाजीच्या खरेदीत होतो. आधी नारायणगाव-मंचर पट्ट्यात एका साखळी दुकानाच्या खरेदी केंद्रावर आणि नंतर पुण्याजवळच्या त्यांच्याच गोदामात. नोकरी सुटली, पण प्रश्न काही सुटले नाहीत. लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवा असताना विचारलंय लोकांनी, "काय हो, ती एसीतली भाजी घ्यावी का?" जे प्रश्न सारखे येतात तेवढे इथे घेतले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण निम्मा गोंधळ तिच्यामुळेच होतो. भाजी ताजी असणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. पहाटे तोडलेल्या भेंडीवर कालच मारलेलं कीटकनाशक औषध असू शकतं. उलट चार दिवसांची मऊ पडलेली गाजरं खायला अगदी निर्धोक असू शकतात. दुकानातला गारवा आणि दिवे पहिल्या गोष्टीबद्दल थोडंफार सांगतात, दुसरीबद्दल काहीच नाही.

१. सुपरमार्केटमधली भाजी नेमकी किती दिवसांची असते?

भाजीवर अवलंबून आहे. पालेभाजीचं गणित असं: शेतकरी दुपारनंतर काढतो, संध्याकाळी माल केंद्रावर येतो, तिथे निवड आणि वजन होतं, रात्री गाडी गोदामाकडे निघते, पहाटे दुकानवार क्रेट लागतात आणि सकाळी दुकान उघडायच्या आत माल मांडला जातो. सगळं वेळेवर झालं तर मेथीची जुडी तुमच्या हातात येते तेव्हा ती पंधरा-सोळा तासांची असते. पण "सगळं वेळेवर" हे आठवड्यातून किती वेळा होतं ते विचारू नका. शिवाय काल उरलेली जुडी आजच्या जुडीशेजारीच बसलेली असते.

फ्लॉवर, वांगी, टोमॅटो, काकडी हा माल दोन ते चार दिवसांचा असणं नेहमीचंच. कांदे, बटाटे, लसूण यांना हा हिशेब लागूच होत नाही. शीतगृहातला बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला असतो आणि दिवाळीपर्यंत पुरवला जातो. तो जुना असतो, पण शिळा नसतो.

२. मग हातगाडीवरची किंवा मंडईतली भाजी जास्त ताजी नाही का?

पालेभाजी असेल आणि सकाळी दहाच्या आत घेत असाल, तर बहुतेक वेळा हो. मार्केट यार्डात मध्यरात्रीपासून गाड्या लागतात, पहाटे सौदे होतात आणि उजाडताना पाटीवाल्या मावशी माल घेऊन निघालेल्या असतात. मधलं गोदाम वाचतं, म्हणजे काही तास वाचतात. दुपारी दोननंतर मात्र चित्र उलटतं. उन्हातली कोथिंबीर आणि थंड कपाटातली कोथिंबीर यांत थंड कपाटवालीच बरी.

दुसरं असं, की दोन्हीकडचा माल अनेकदा एकच असतो. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकऱ्याकडून थेट खरेदी सोपी झाली. तरीही थेट खरेदीतून सगळं भागत नाही. आमच्या केंद्रावर पावसामुळे माल कमी आला की त्या दिवशीचा तुटवडा मार्केट यार्डातूनच भरला जायचा. "शेतातून थेट" या फलकाखाली त्या दिवशीही तीच भाजी लागायची.

३. पाकिटावरची पॅकिंगची तारीख म्हणजे तोडणीची तारीख का?

नाही. ती पाकीट बंद केल्याची तारीख आहे. तीन दिवसांचा फ्लॉवर आज प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला की त्यावर आजची तारीख येते, आणि त्यात कायद्याने काही चूक नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत न सोललेल्या, न कापलेल्या ताज्या भाज्या आणि फळांना "या तारखेपूर्वी वापरा" लिहिण्यातून सूट आहे. कापलेल्या, सोललेल्या भाजीला ती सूट नाही (प्रश्न १४ पाहा).

मी स्वतः एका दुकानात, नाव सांगत नाही, संध्याकाळी पाकिटं उघडून, पिवळी पानं काढून, तोच पालक नव्या तारखेच्या पाकिटात जाताना पाहिलाय. पोरगा बिचारा सांगितलेलं काम करत होता. तेव्हापासून मी तारीख शेवटी वाचतो, आधी देठ बघतो.

४. देठ बघून काय कळतं? ताजेपणा ओळखायचा कसा?

भाजी जिथे कापली किंवा तोडली जाते ती जखम खोटं बोलत नाही. पानं पुसता येतात, पाणी मारून टवटवीत करता येतात. देठाला कोणी काही करत नाही.

कोबी उलटा करा. बुंध्याचा काप पांढरट आणि ओलसर असेल तर ताजा, तपकिरी आणि भेगाळलेला असेल तर जुना. दुकानात रोज सकाळी कोबीचं एकेक वरचं पान सोलतात, त्यामुळे जुना कोबी दिसायला उलट जास्त स्वच्छ, पांढरा आणि लहान असतो. हिरवी पानं शिल्लक असलेला गड्डा ओबडधोबड दिसला तरी तोच घ्या. बुंध्याचा काप फारच कोरा आणि पातळ चकती काढल्यासारखा दिसला, तर तो आज सकाळी नव्याने छाटलाय असं समजा. म्हणजे देठालाही कधीकधी काहीतरी करतात, माझं वरचं वाक्य थोडं मागे घेतो.

मेथी, पालक, शेपू यांच्या जुडीच्या पोटात बोट घाला. आत गरम लागलं तर सोडून द्या. तोडलेली पालेभाजी श्वास घेत राहते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. घट्ट बांधलेल्या जुडीत ती साठते. बाहेरून हिरवीगार असलेली जुडी आतून उकडायला लागलेली असते. घरी नेऊन सोडली की मधली पानं काळपट, बुळबुळीत निघतात. केंद्रावर गाडी रिकामी करताना आम्ही आधी हेच बघायचो.

वांग्याची टोपी हिरवी आणि अंगाला चिकटलेली हवी. भेंडीचं टोक मोडलं की टचकन आवाज यायला हवा (दुकानदाराच्या देखत दहा भेंड्या मोडू नका, एक पुरे). दुधीत नख सहज रुतलं पाहिजे. गाजराचा माथा खोल कापलेला असेल, तर तिथली सुकलेली किंवा फुटलेली पात काढून टाकलेली असण्याचा संभव मोठा. आलं कोरडं असेल तर चालतं, पण बेचक्यात निळसर-पांढरी बुरशी नको.

५. दुकानात भाज्यांवर सारखा पाण्याचा फवारा का मारतात? वजन वाढवायला?

मुख्य कारण वजन टिकवणं. पालेभाजीतलं पाणी उडतं तसं वजन घटतं, आणि काही टक्के घटलं की ती मलूल दिसायला लागते. थंड, स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा ते थोपवतो. पण जुडी झटकल्यावर पाणी निथळत असेल, तर तुम्ही पाण्याला मेथीचा भाव देताय. झटका आणि मग वजनकाट्यावर ठेवा. ओली भाजी तशीच फ्रीजमध्ये टाकली तर दोन दिवसांत सडते. घरी आल्यावर कापडावर पसरून कोरडी करा, धुणं नंतर, करायच्या वेळी.

६. सगळ्याच भाज्या थंड कपाटात ठेवलेल्या असतात. ते चांगलंच ना?

पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, गाजर, मटार यांना जेवढी थंडी तेवढी बरी, फक्त गोठू नयेत. पण टोमॅटो, वांगी, काकडी, भेंडी, ढोबळी मिरची ही उष्ण हवेतली पिकं आहेत. साधारण ७ ते १२ अंशांच्या खाली (प्रत्येकीची मर्यादा वेगळी) ती काही दिवस राहिली की त्यांना थंडी बाधते. काकडीवर पाणचट खड्डे पडतात, वांग्याच्या आतल्या बिया तपकिरी होतात, टोमॅटोची चव जाते आणि तो पिठूळ लागतो. गंमत अशी की कपाटात असताना काही दिसत नाही. घरी ओट्यावर आणल्यावर एका दिवसात सगळं उघडं पडतं आणि लोक म्हणतात, "काल तर छान दिसत होतं."

म्हणून टोमॅटो बाहेरच्या ढिगातला घ्या आणि घरीही बाहेर ठेवा. बटाटा तर फ्रीजमध्ये कधीच नको. थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि काचऱ्या तळताना काळ्या पडतात.

आणखी एक. टोमॅटो, केळी, सफरचंद, पपई पिकताना इथिलीन वायू सोडतात. त्यांच्या शेजारी ठेवलेली पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते, गाजर कडवट होतं. एकाच टोपलीत सगळं "छान सजवून" ठेवलेलं दिसलं की मला अजून हात लावून वेगळं करावंसं वाटतं.

७. इतक्या दिवसांच्या भाजीत जीवनसत्त्वं उरतात का?

उरतात, पण पालेभाजीत घट मोठी असते. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २००४ साली पालकावर प्रयोग झाला. ४ अंशांवर आठ दिवस ठेवलेल्या पालकातलं जवळजवळ निम्मं फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) गेलं. २० अंशांवर तेवढीच घट चार दिवसांत झाली. आपल्याकडे मे महिन्यातलं स्वयंपाकघर ३५ अंशांवर असतं, तेव्हा अंदाज करा. बटाटा, भोपळा, कांदा यांच्या बाबतीत ही काळजी करू नका.

फ्रोझन मटार याच कारणासाठी मला वाईट वाटत नाहीत. तोडल्यावर लवकरच वाफवून उणे १८ अंशांवर गोठवलेला दाणा चार दिवस फिरून आलेल्या शेंगेपेक्षा अनेकदा सरस असतो. अर्थात पुरंदरचा मटार बाजारात आलेला असताना कोणी फ्रोझन घेत असेल तर त्याला मी अडवीन.

८. भाज्यांना रंग लावतात, मेण चोपडतात हे खरं का?

रंगाचं खरं आहे, पण सगळीकडे नाही. मॅलाकाइट ग्रीन नावाचा कापडाचा रंग मिरची, भेंडी, परवर, मटार यांना हिरवेपणासाठी लावल्याची प्रकरणं झाली आहेत. तो अन्नात वापरायला पूर्ण बंदी आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरगुती चाचणी दिलेली आहे: औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनमध्ये कापूस बुडवून मिरचीवर चोळा. कापूस हिरवा झाला तर रंग आहे. सोललेले मटार अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी हिरवं झालं तर ते दाणे टाका. सोललेले सुटे मटार हंगाम नसताना स्वस्तात मिळत असतील, तर ते वाळलेले वाटाणे भिजवून रंगवलेले असण्याची शंका जरूर घ्या. साखळी दुकानात हा प्रकार मी पाहिला नाही.

मेण फळांवर असतं, मुख्यतः सफरचंदांवर. मधमाशीचं मेण, कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं मेण) आणि लाख यांना परवानगी आहे आणि लेबलवर तसं लिहावं लागतं. कोबीच्या पानावरचा पांढरट, पाणी न धरणारा थर त्याचा स्वतःचा असतो. तो खरवडत बसू नका.

९. मोठ्या दुकानात औषधाच्या अंशाची तपासणी होतच असेल ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर कोणालाच आवडत नाही. केंद्रावर आम्ही आकार, रंग, कीड, डाग, वजन बघायचो. फवारणीच्या औषधाचा अंश डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते, अहवालाला वेळ लागतो, आणि अहवाल येईपर्यंत पालक लोकांच्या पोटात गेलेला असतो. त्यामुळे जी तपासणी होते ती अधूनमधून, नमुन्यादाखल. आज तुम्ही उचललेल्या जुडीची नाही.

देशपातळीवर चित्र काय? केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या देखरेख योजनेत २०१४-१५ मध्ये भाज्या, फळं, मसाले, दूध वगैरेंचे २०,६१८ नमुने तपासले. १८.७ टक्क्यांत औषधांचे अंश सापडले. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश २.६ टक्क्यांत होते. हे वाचून हायसं वाटेल, पण तिसरा आकडाही वाचा: १२.५ टक्के नमुन्यांत मान्यता नसलेली औषधं होती. म्हणजे अडचण प्रमाणापेक्षा जास्त "कुठलं औषध कुठे मारलं" याची आहे. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाज्यांवर मारायला २००५ पासून बंदी आहे, तरी ते भाजीत सापडत राहिलं, कारण शेजारच्या कपाशीसाठी आणलेला डबा घरात असायचा.

तुलनेला द्राक्षं घ्या. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बागेनुसार नोंद असते, माल निघण्याआधी नमुना तपासला जातो, पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर नजर ठेवतं. हे करता येतं, करून दाखवलंय. देशातल्या ग्राहकाच्या दोडक्यासाठी मात्र कोणी एवढं करत नाही.

१०. कोणत्या भाज्यांवर औषधाचा धोका जास्त?

नावांची यादी पाठ करण्यापेक्षा तोडा, म्हणजे तोडणीची पाळी, समजून घ्या. प्रत्येक औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते लिहिलेलं असतं, त्याला प्रतीक्षा कालावधी म्हणतात. काहींचा दोन-तीन दिवस, काहींचा आठवड्याहून जास्त. आता भेंडी आणि काकडी दिवसाआड तोडावी लागते, कारली-दोडकी दोन-तीन दिवसांनी. नाही तोडली तर जून होतात, बाजारात कोणी घेत नाही. मग शेतकऱ्याने सात दिवस थांबायचं कसं? फवारलं की पुढचा तोडा दोन दिवसांवर उभाच असतो. यात त्याचा लोभ कमी आणि अडचण जास्त आहे. तीन तोडे वाया घालवणं त्याला परवडत नाही.

म्हणून वारंवार तोडायच्या, कीड जास्त पडणाऱ्या भाज्या वरच्या धोक्यात: भेंडी, वांगी, मिरची, कारली, काकडी. फ्लॉवर-कोबी एकदाच काढतात, पण अळीसाठी शेवटपर्यंत फवारले जातात. कढीपत्ता आपण मूठभरच वापरतो म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. तो कुंडीत लावता येतो, लावाच. कमी धोक्याच्या म्हणाल तर कांदा, लाल भोपळा, सुरण, रताळी, शेवगा.

११. धुतल्याने औषध जातं का? मीठ, व्हिनेगर, सोडा, की ते भाजी धुवायचं द्रावण?

वरवरचं बरंचसं जातं, आत शिरलेलं जात नाही. काही औषधं रोपाच्या रसातून आत पसरतात, ती धुण्याच्या पलीकडची.

अमेरिकेतल्या कनेटिकटच्या कृषी प्रयोग केंद्राने २००० साली सलाडची पानं, स्ट्रॉबेरी, टोमॅटो धुऊन बघितले. १२ पैकी ९ औषधांचे अंश नळाच्या पाण्याने कमी झाले, आणि बाजारातली धुण्याची द्रावणं पाण्यापेक्षा सरस ठरली नाहीत. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सफरचंदांवर खाण्याचा सोडा वापरला. बारा ते पंधरा मिनिटं सोड्याच्या पाण्यात ठेवल्यावर सालीवरचे दोन औषधांचे अंश निघून गेले, पण सालीत मुरलेला भाग राहिला.

माझ्या घरची रीत: वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणं. भेंडी, काकडी, ढोबळी मिरची, वांगी यांच्यासाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे सोडा, पंधरा मिनिटं, पुन्हा पाणी. फ्लॉवरचे तुरे मिठाच्या कोमट पाण्यात, कारण अळ्या बाहेर येतात (औषध जाण्याशी मिठाचा फारसा संबंध नाही). साल काढता येईल तिथे काढणं. भांड्याचा साबण भाजीला कधीही नको, भाजी तो शोषते. हजारो रुपयांच्या ओझोन यंत्रासाठी मी पैसे खर्च केलेले नाहीत.

१२. "सेंद्रिय" लिहिलेलं घेतलं की प्रश्न मिटला?

लेबलवर "जैविक भारत" हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह आहे का ते आधी बघा. २०१७ च्या नियमांप्रमाणे सेंद्रिय म्हणून विकायला एनपीओपी (बाहेरची संस्था तपासून देते ते) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासून देतात ते) या दोनपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक स्वतः थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला सूट आहे, दुकानातल्या पाकिटाला नाही. "नैसर्गिक", "फार्म फ्रेश", "केमिकल फ्री", "एक्स्पोर्ट क्वालिटी" ही नुसती सजावट. एक्स्पोर्ट क्वालिटी म्हणजे आमच्या भाषेत सरळ आणि सारख्या लांबीची भेंडी. बाकी काही नाही.

सेंद्रिय भाजी धुवावी लागतेच. शेणखतातून येणारे जंतू औषधासारखेच डोळ्याला दिसत नाहीत.

१३. कोबीतला किडा मेंदूत जातो म्हणतात. कोबी खाणं बंद करू का?

कोबीत दिसणारी हिरवी अळी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. ती किळसवाणी आहे, पण मेंदूत जात नाही. मेंदूत जातात त्या डुकरातल्या पट्टकृमीच्या अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या. ही अंडी कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून माती-पाण्यात येतात आणि तिथून कच्च्या भाजीवर. म्हणजे आजार खरा, आरोपी चुकीचा. कोबी, गाजर, मुळा, कोथिंबीर, कोणतीही भाजी हे करू शकते. शिजवली की अंडी मरतात. कच्ची खायची असेल तर बाहेरची दोन-तीन पानं टाकून, पानं सुटी करून, चोळून धुवा. रस्त्यावरच्या नूडल्सवर भुरभुरलेला कच्चा कोबी मी खात नाही.

सांडपाण्यावर, रेल्वे रुळांलगत वाढलेल्या पालकाचा प्रश्न याहून अवघड. त्यातले जंतू शिजवून मरतील, जड धातू ना धुऊन जातात ना शिजवून. साखळी दुकानाचा एक खरा फायदा इथे आहे: माल कुठल्या गावचा ते त्यांना निदान कागदावर तरी माहीत असतं.

१४. कापून ठेवलेली भाजी आणि मोड आलेली कडधान्यं घ्यावीत का?

चाकू लागला की भाजीचं नैसर्गिक कवच जातं आणि जंतूंना ओलावा नि अन्न दोन्ही मिळतं. थंडी न मोडता आली, तारीख आत असेल आणि शिजवणार असाल तर चालेल. पाकीट फुगलेलं असेल, तळाशी पाणी साठलं असेल, किंवा ते कपाटाऐवजी बाहेर टेबलावर मांडलेलं असेल तर नाही. आणि आतल्या गोष्टींतलं एक सांगतो: ज्या ढोबळी मिरचीचा एक कोपरा खराब झालाय ती कुठे जाते असं तुम्हाला वाटतं? सगळीकडे नाही, पण चिरलेल्या भाजीच्या डब्यात बराच उरलासुरला माल खपतो.

मोडांबद्दल मी कडक आहे. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंना लागते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली, जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. दाणे इजिप्तहून आले होते. आपण मटकीची उसळ शिजवून खातो, त्यात भीती नाही. पाकिटातले मोड कच्चेच लिंबू पिळून खाणं गरोदर बाईने, लहान मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी टाळावं.

१५. मशरूमच्या डब्याच्या प्लॅस्टिकला भोकं असतात. तो उघडा पडला म्हणायचा का?

भोकं मुद्दाम असतात. मशरूम फार जोरात श्वास घेतं. हवाबंद डब्यातला प्राणवायू संपला तर बोट्युलिझमचं (एका जीवघेण्या विषबाधेचं) विष करणाऱ्या जंतूंना रान मोकळं होतं. भोकं नसलेला, घट्ट बंद, गरम झालेला डबा हाच टाळायचा.

१६. कांद्यावर किरणं मारतात. तो किरणोत्सारी होतो का?

होत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं "कृषक" केंद्र २००२ पासून आहे. गॅमा किरणांच्या थोड्या मात्रेने कांद्याचा कोंब मरतो, कांद्यात किरणोत्सर्ग शिल्लक राहत नाही. पाकिटावर तसं चिन्ह छापणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात तुमच्या घरी येणारे बहुतेक कांदे साध्या चाळीतलेच असतात.

१७. आम्ही परदेशात असतो. भारतातून आलेली भाजी नाकारली जाते ती औषधांमुळेच ना?

कधी त्यामुळे, पण नेहमी नाही. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला हापूस आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ, अळू यांच्यावर बंदी घातली, ती फळमाशीसारख्या किडी मालाबरोबर आल्या म्हणून. लंडनमधल्या कित्येक मराठी घरांत त्या वर्षी अळूची वडी झाली नाही. आंबा पुढच्या वर्षी सुटला, भाज्यांना जास्त वेळ लागला. फ्रोझन भाजीबद्दल प्रश्न असेल तर ७ पाहा.

१८. खराब भाजी मिळाली तर तक्रार कुठे करायची?

सडकी निघाली तर बिल आणि भाजी घेऊन त्याच दिवशी दुकानात जा. बहुतेक साखळी दुकानं वाद न घालता बदलून देतात, कारण तुमच्या जुडीपेक्षा तुमचा आरडाओरडा त्यांना महाग पडतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. रंग किंवा भेसळीचा संशय असेल तर राज्याचं अन्न व औषध प्रशासन. अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाखाली तुम्ही स्वतः फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. हे फार थोड्यांना माहीत आहे.

१९. दिव्याखालचा बटाटा हिरवा पडलाय. तेवढा भाग काढून चालेल?

थोडा असेल तर जाड साल काढून, कोंब खोलवर कोरून चालेल. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी, पण तो दिसला की सोलानिनसारखी विषारी द्रव्यंही वाढलेली असतात आणि ती उकडून जात नाहीत. अर्धा बटाटा हिरवा किंवा चव कडवट असेल तर सगळाच टाका. दुकानात दिवसरात्र दिव्यांखाली मांडलेल्या, पारदर्शक पिशवीतल्या बटाट्यांना हे लवकर होतं. गोणीतले घेतलेले बरे.

२०. दुधीला इंजेक्शन देऊन फुगवतात, म्हणून तो कडू लागतो असं ऐकलं. खरं?

गुरांना देतात ते ऑक्सिटोसिन दुधीला टोचतात, हे मी वीस वर्षं ऐकतोय. ते प्राण्यांचं संप्रेरक आहे. दुधीच्या वेलाला त्याने फुगवल्याचा भरवशाचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. कडूपणाचं कारण निराळं आहे आणि जास्त गंभीर आहे. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन जास्त झालं, किंवा रानटी जातीशी संकर झाला की ती वाढतात. बाहेरून काहीच कळत नाही, ताजा कोवळा दुधीही कडू निघतो.

सकाळी दुधीचा रस पिणाऱ्यांनी हे नीट वाचावं. रस कडू लागूनही "औषध आहे" म्हणून गिळल्यामुळे आपल्या देशात माणसं दगावली आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. तिचं सांगणं असं की कडू रस पिऊ नये, तो दुसऱ्या रसात मिसळूही नये, आणि पिल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळ सुरू झाली तर लगेच रुग्णालयात जावं. त्यावर उतारा नाही. शिजवून कडूपणा जात नाही, मीठ लावूनही नाही.

आमच्या घरी दुधी चिरताना दोन्ही टोकांची एकेक चकती जिभेच्या शेंड्याला लावून बघतात. आई म्हणायची, "कडू लागला तर थुंक आणि अख्खा गाईला घाल." थुंकायचं बरोबर आहे. गाईलाही घालू नका, कचऱ्यात टाका.